नववा लागला? मग निदान या चुका तरी टाळा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत चांगलीच आहे. आईच्या हातचं गरम जेवण, दुपारची निवांत झोप, कुणापुढे अवघडून बसायला नको. बिघडतं ते रीतीमुळे नाही, मुलगी पाहुणीसारखी माहेरी जाते म्हणून बिघडतं. बॅगेत चार गाऊन, डोहाळजेवणाची साडी, फोनचे दोन चार्जर. फाइल मात्र पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या वरच्या खणात.

थोड्याफार फरकाने हाच प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे. तपासण्या शहरातल्या डॉक्टरांकडे झालेल्या. छत्तिसाव्या आठवड्यात गाडी करून मुलगी तालुक्याच्या गावी येते. वडील म्हणतात, "डॉक्टर आपल्या घरचेच आहेत, वेळ आली की जाऊ." वेळ येते रात्री अडीचला. पाणी जातं. घरचे डॉक्टर लग्नाला परगावी गेलेले असतात. दुसऱ्या दवाखान्यात सिस्टर विचारतात, रक्तगट काय? निगेटिव्ह आहे एवढं मुलीला आठवतं, कुठला निगेटिव्ह ते नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी (निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला देतात ते इंजेक्शन) घेतलं होतं का? "एक इंजेक्शन घेतलं होतं." ते धनुर्वाताचं की अँटी-डी, देव जाणे. वार (प्लॅसेंटा) खाली होती का? बाळ डोक्याकडून आहे का? बीपीची गोळी कुठली चालू आहे? तिकडे नवरा झोपेतून उठून कपाट उपसतोय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे तिरके, अर्धे अंधारात गेलेले फोटो पाठवतोय. रक्त तपासायला पुन्हा नमुना काढतात. रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी, तासाभराच्या अंतरावर. बहुतेक वेळा बाळ-बाळंतीण सुखरूप राहतात आणि नंतर तीच गोष्ट घरात हसत हसत सांगितली जाते. त्या चार तासांत हसण्यासारखं काहीही नसतं.

म्हणून माहेरी जायचं तर ३२ ते ३४ आठवड्यांत जा, ३६ नंतर लांबचा प्रवास नको. विमानाने जाणार असाल तर बहुतेक कंपन्या ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात, ते आधीच घ्या. गाडीत सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, पोटाच्या खालून मांड्यांच्या वर घ्यायचा. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला, कारण या दिवसांत पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढलेला असतो.

पोचल्यावर दोन-तीन दिवसांतच ज्या दवाखान्यात बाळंतपण व्हायचं तिथे नाव नोंदवा आणि कळा यायच्या आधी किमान दोन तपासण्या तिथेच करून घ्या. तपासणीच्या वेळी "फी किती" एवढंच विचारून लोक घरी येतात. विचारायचं ते असं: रात्री सिझर करायची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती मिनिटांत येतात, रक्त कुठून आणावं लागतं, बाळाला श्वासाचा त्रास झाला तर कुठे हलवतात, आणि तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या जागी कोण? चौथा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तोच सगळ्यात कामाचा आहे.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा: रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीवरून ठरलेली बाळंतपणाची तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन, चालू गोळ्या, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधीचं ऑपरेशन. याचा फोटो नवरा, आई आणि आणखी एकाच्या फोनमध्ये. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा, माहेरच्या आशाताईंनाही आल्याचं सांगा. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात नॉर्मल आणि सिझर दोन्ही बाळंतपणं मोफत आहेत. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात), घरून नेणं आणि परत घरी सोडणं हे सगळं त्यात येतं. गाडीसाठी १०२, तातडीची वेळ असेल तर १०८.

दर सोनोग्राफीला नवी तारीख धरणं

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून जी तारीख ठरते तीच खरी. पुढच्या प्रत्येक रिपोर्टवर छापलेली तारीख बाळाच्या मापावरून निघते. बाळ जरा मोठं असलं की ती अलीकडे येते, बारीक असलं की पुढे जाते. शेवटच्या रिपोर्टवरची तारीख धरून आत्या, मावशी आणि सासूबाई सुट्ट्या काढतात आणि मग रोज फोन, "अजून नाही?" मुळात नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. नातेवाइकांना तारीख सांगूच नका, "महिन्याच्या शेवटी" म्हणा.

याच उतावळेपणाचं दुसरं टोक म्हणजे मुहूर्ताचं सिझर. काही वैद्यकीय कारण नसताना ३७व्या-३८व्या आठवड्यात बाळ बाहेर काढायचं, का तर नक्षत्र चांगलं आहे. ३९ आठवडे भरायच्या आत असं काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि मग चांगल्या नक्षत्रावरचं बाळ पहिले दोन दिवस काचेच्या पेटीत. पत्रिका पाहायचीच असेल तर जन्मानंतर पाहा.

"आता जागाच उरली नाही, हलणार कसं?"

हे वाक्य घरातली सगळ्यात अनुभवी बाई सगळ्यात खात्रीने सांगते आणि ते साफ चूक आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचा प्रकार बदलतो. लाथा कमी होतात, कूस वळणं, ढकलणं, पोट एका बाजूला टणक होणं वाढतं. पण हालचाली कमी होत नाहीत. कमी झाल्या तर वारेतून बाळाला पुरेसं मिळत नसल्याची ती खूण असू शकते, आणि ही खूण आईशिवाय कुणालाच कळत नाही.

मोजायची पद्धत साधी आहे, पण ती नीट करणारे थोडे. रोज साधारण एकाच वेळी, रात्रीच्या जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. घड्याळात वेळ पाहून सुरू करा आणि दहावी हालचाल झाली की वेळ लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात "८.४० – ९.०५" एवढं पुरे. बहुतेकींना अर्ध्या-पाऊण तासात दहा मिळतात, वरची मर्यादा दोन तास. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर त्याच रात्री दवाखाना. आणि रोज पंचवीस मिनिटांत होणाऱ्या दहा हालचालींना आज पावणेदोन तास लागले, तर आकडा बसला तरी फोन करा. कॅलेंडरवर लिहायचं ते याच्याचसाठी, मनातल्या मनात मोजलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. वार पुढच्या बाजूला असेल तर एकूणच कमी जाणवतं, तरी तुलना स्वतःच्याच कालच्या नोंदीशी करायची.

इथले शॉर्टकट फार घातक आहेत. "सरबत पी, गोड खा, हलेल" म्हणून तीन ग्लास सरबत पाजायचं, एक लाथ बसली की "बघ, आहे की" म्हणून झोपायचं. एक लाथ म्हणजे दहा नव्हे. ऑनलाइन मागवलेलं डॉप्लर त्याहून वाईट. पोटावर फिरवलं की धडधड ऐकू येते, ती पुष्कळदा आईच्याच रक्तवाहिनीची असते. आणि बाळाचे ठोके असले तरी ते ठीक आहे असं त्यावरून ठरत नाही. दवाखान्यात पोटाला पट्टे लावून वीसेक मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात, तो आलेख कसा वाचायचा हे शिकावं लागतं. सगळं ठीक निघालं आणि दोन दिवसांनी पुन्हा कमी वाटलं, तर पुन्हा जा. "परवाच तर दाखवून आणलं" असं घरचे म्हणतील. म्हणू देत.

कळा, पाणी आणि बाकीचं

खोट्या कळा चालल्यावर, पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर विरतात. खऱ्या कळा कंबरेतून पुढे येतात, वाढत जातात आणि दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं. पहिलटकरणीने दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी एक मिनिटभर, अशा कळा तासभर टिकल्या की निघावं. दवाखाना पाऊण तासावर असेल तर त्याआधीच. अंतर मोजायचं ते एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. निम्मे नवरे इथेच चुकतात. आधी सिझर झालं असेल तर हा हिशेब करत बसू नका, कळा सुरू झाल्या की निघा.

पाणी गेलं तर कळा नसल्या तरी जायचं. वेळ लिहा, पांढरा स्वच्छ पॅड लावा, रंग पाहा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असते, मग एक मिनिट दवडू नका. बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर नाळ आधी खाली यायचा धोका असतो, आडवं झोपवूनच न्या. लघवी की पाणी कळत नसेल तर अर्धा तास पडून राहा आणि उठून उभ्या राहा. एकदम ओघळलं तर पाणीच समजा. आंघोळ, देवाला नमस्कार, दृष्ट काढणं यात तास घालवणारी घरं आहेत. दृष्ट गाडीत काढा.

थांबायचंच नाही अशा आणखी काही गोष्टी: लाल रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा-हात एकाएकी सुजणं, बीपी १४०/९० किंवा वर. संध्याकाळी पाय सुजणं त्यात नाही. पुरळ नसताना रात्री तळहात-तळपाय खाजत असतील तर खोबरेल तेल चोळत बसू नका, यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

तूप खाल्लं की बाळ सटकन येतं, हा समज जाता जात नाही. तूप जातं आतड्यात, बाळ असतं पिशवीत. वाटा वेगळ्या आहेत. रोज वाटीभर तुपाने वाढतं ते आईचं वजन आणि छातीतली जळजळ. एरंडेल पिऊन कळा आणायचा खटाटोप तर नकोच. जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं, आणि ऐन जोर लावायच्या वेळी आई गळून पडते.

नाळेचा एक वेढा दिसला म्हणून सिझरच, असं नसतं. पुष्कळ बाळं वेढा घेऊनच नॉर्मल येतात.

लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही.

"आम्ही सगळे आहोत ना!"

शेवटच्या आठवड्यांतलं सगळ्यात फसवं वाक्य. सगळे असतात तेव्हा नेमकं कोणी नसतं. एका कागदावर कामं आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. रात्रीची गाडी कोण चालवणार, तो नसेल तर कोण. ३६व्या आठवड्यापासून टाकी अर्ध्याच्या खाली नको. दवाखान्यात रात्री कोण राहणार? आई, असं उत्तर येतं. आई साठीची, गुडघे धरलेले, बीपीची गोळी चालू. बाकावर तीन रात्री काढल्यावर चौथ्या दिवशी तिलाच सलाइन लागायची वेळ. दुसऱ्या रात्रीसाठी वहिनी, आत्या, कुणीतरी आधीच ठरवा. मोठं मूल असेल तर त्याला ज्यांच्याकडे ठेवायचं त्यांच्याकडे आधी दोन रात्री झोपवून पाहा. नातेवाइकांचे फोन एकानेच घ्यायचे, आणि तो एक म्हणजे बाळंतीण नव्हे.

माहेरची सोय नसेल आणि बाई ठेवायची असेल तर ३४व्या आठवड्यात ठरवा. बारा तास की चोवीस, बाळाची आंघोळ, आईची मालिश, लंगोट धुणं यातलं काय काय, स्वयंपाक करणार का, हे आधी बोला. "बघू, मिळेल कोणीतरी" म्हणणाऱ्यांना मिळते ती सव्वा महिन्यानंतर.

आई आणि सासूबाई यांच्यात काही गोष्टी बाळ यायच्या आधीच मिटवून घ्या. मध, गूळपाणी, घुटी चाटवायची नाही. पहिल्या तासात अंगावर पाजायचं, आणि चीक पिळून टाकायचा नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी नको, त्यातला वायू जीव घेऊ शकतो. सासूबाईंना हे सुनेने सांगायचं नसतं, नवऱ्याने सांगायचं, आणि दोन्ही घरी त्याच शब्दांत.

झोप उडणं, चिडचिड, मध्येच रडू येणं हे या दिवसांत चालतंच. पण दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, जेवण नकोसं झालं असेल, "मी नसलेली बरी" असं मनात येत असेल, तर डोहाळे म्हणून सोडू नका. डॉक्टरांना सांगा किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर फोन करा.

नवऱ्याच्या रजेचं. पंधरा दिवसांची रजा तारखेच्या आठवडाभर आधीपासून टाकतात, बाळ तारखेनंतर सहा दिवसांनी येतं, आणि बाळंतीण घरी येते त्या दिवशी हा ऑफिसला. रजा आधी टाकू नका. साहेबांना ३६व्या आठवड्यात सांगून ठेवा की फोन आला की निघेन, आणि मोजणी त्या दिवसापासून. निम्मे दिवस दवाखान्यासाठी, निम्मे बाळंतीण घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी. तेव्हा पाहुणे पांगलेले असतात आणि बाळ रात्री दर दोन तासांनी उठत असतं.