पिकअपसाठी टायर आणि रिम निवडताना: आधी वजन, मग माप, दिसणं शेवटी

पिकअपची चाकं बदलायची म्हटलं की बहुतेक जण आधी रिमचं डिझाइन पसंत करतात आणि मग त्यावर बसेल तो टायर शोधतात. हा क्रम उलटा आहे. आधी टायर ठरवा, रिम नंतर.

पहिला आकडा वजनाचा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर मागचा ॲक्सल किती भार घेऊ शकतो ते लिहिलेलं असतं. तो १,८०० किलो असेल, तर एका चाकाच्या वाट्याला ९०० येतात. टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा ११२ हा लोड इंडेक्स म्हणजे १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५० आणि १२१ म्हणजे १,४५०. गरजेपेक्षा थोडा वरचा घ्या, पण उगाच १२१ वर उडी नको. तो आकडा बहुधा एलटी, म्हणजे ‘लाइट ट्रक’ टायरवर असतो, आणि त्याची बाजू जाड आणि कडक असते. तेवढंच वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते, आणि हौदा रिकामा असला की गाडी खड्ड्याखड्ड्यात आदळते. हौद्यात रोज माल असेल किंवा दगडाधोंड्यांतून जावं लागत असेल, तरच तो घ्यावा. रिमलाही भारमर्यादा असते. ती मागच्या बाजूला कोरलेली असते. तिथे काहीच कोरलेलं नसेल, तर ती रिम घेऊ नका.

आता उंची. २६५/६५ आर १७ या टायरची रुंदी २६५ मिमी. बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे १७२ मिमी. ती दुप्पट करून रिमच्या १७ इंचाचे ४३२ मिमी मिळवले की व्यास येतो सुमारे ७७६. त्याऐवजी २६५/७० आर १७ घातला तर व्यास ८०३ होतो, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के जास्त. गाडी जमिनीपासून फक्त १३ मिमी उचलली जाते, कारण वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग उंचीत येतो. स्पीडोमीटर मात्र १०० दाखवत असताना खरा वेग १०३ च्या वर असतो (मीटर मुळातच थोडा जास्त दाखवत असेल, तर फरक त्यात जिरतो). २८५/७० आर १७ घातला की वाढ सात टक्क्यांवर जाते. मग गिअर लांब पडतात, चढावर इंजिन रडतं, ब्रेकला जास्त जोर लागतो. सस्पेन्शनला हात लावायचा नसेल, तर तीन-साडेतीन टक्क्यांवर थांबा.

रिममध्ये तीन मापं जुळायला हवीत. बोल्टचं वर्तुळ: टोयोटा हायलक्स आणि फोर्ड रेंजर दोघांचंही ६ x १३९.७, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट. पण मधलं भोक वेगळं, हायलक्सचं १०६.१ मिमी आणि रेंजरचं ९३.१. म्हणजे रेंजरची रिम हायलक्सच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) चढणारच नाही. उलट केलं तर चढेल, पण सैल. ती नेमकी मध्यावर बसावी म्हणून हब रिंग घालतात.

तिसरं माप ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी दूर आहे ते. रिमवर ते ‘ईटी’ असं लिहितात; आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मूळ रिम ७.५ इंच ईटी ३०, नवी ८.५ इंच ईटी १० समजा. रुंदी एक इंच वाढली, त्यातले १२.७ मिमी बाहेर गेले. ऑफसेटचे २० मिमी तेही बाहेरच. चाकाची कड एकूण जवळजवळ ३३ मिमी बाहेर सरकली. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं आणि चिखल थेट दारांवर उडतो.

पूर्ण सेट चढवण्याआधी पुढचं एकच चाक बसवून बघा. ब्रेकच्या कॅलिपरसमोर येणाऱ्या रिमच्या आतल्या बाजूला मातीचा गोळा चिकटवा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. ३ मिमीपेक्षा कमी भरली तर ती रिम परत. मग चाक खाली टेकवून, सगळे नट आवळून स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा. घासण्याची जागा बहुधा मडफ्लॅप, आतलं प्लॅस्टिक किंवा चाकाच्या मागचा बॉडी माउंट (बॉडी चासीला जोडलेली जागा). जागच्या जागी घासत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. तेच चाक ठोकळ्यावर चढवून, सस्पेन्शन दाबलेलं असताना पुन्हा वळवून बघा.

नट जुनेच चालतील असं धरून चालू नका. कंपनीच्या रिमला सपाट वॉशरचे नट असतील आणि नव्या रिमची बैठक निमुळती असेल, तर नट घट्ट वाटतात पण चालता चालता ढिले होतात. टॉर्क पान्याने, एकानंतर त्याच्या समोरचा अशा क्रमाने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकेच आवळा. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

टायर घेताना बाजूवरच्या ‘DOT’ कोडचे शेवटचे चार अंक वाचा, टायर कधी बनला ते कळतं: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या, कारण लहान स्टेपनी लावून फोर-व्हीलमध्ये चालवली की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. मोठा टायर हौद्याखालच्या जागेत मावतो का, हे पैसे देण्याआधीच मोजा.