कुत्र्याला धान्यविरहित खाद्यावर कसे आणावे

इंदूरमध्ये सकाळी कुत्रा फिरवायला निघालेल्या माणसाला वाटेत किमान दोन सल्लागार भेटतातच, आणि दोघांचेही सांगणे ठरलेले असते की कुत्रा खाजवत असेल तर गहू-तांदूळ बंद करा आणि उद्यापासून धान्यविरहित दाणे, म्हणजे पिशवीतले तयार कोरडे खाद्य, सुरू करा. माझ्या घरी चार कुत्र्यांचे खाद्य बदलून झाले आहे, आणि या सल्ल्यातील ‘उद्यापासून’ या एका शब्दाने मला सर्वांत जास्त फरशी पुसायला लावली आहे.

बदल मुळात हवा आहे का, हे आधी पशुवैद्यांना विचारावे. खाजेमागे बहुधा पिसवा, गोचिड किंवा धूळ-परागांची ॲलर्जी असते. अन्नाची ॲलर्जी निघालीच, तर धान्यापेक्षा मांस किंवा दूध कारणीभूत असण्याचा संभव अधिक असतो. शिवाय धान्यविरहित म्हणजे पिष्टविरहित नव्हे. गहू-तांदळाच्या जागी वाटाणे, मसूर किंवा बटाटा आलेला असतो. अशा डाळी-कंदांचे प्रमाण मोठे असलेल्या खाद्याचा हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराशी संबंध असावा, या शंकेने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये तपास सुरू केला. कार्यकारणभाव आजही सिद्ध झालेला नाही, तरीही घटकांच्या यादीत वाटाणे आणि मसूर अगदी वर दिसले की मी ती पिशवी दुकानात परत ठेवतो. कुत्र्याला हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय हा बदल करूच नये.

पिशवीसोबत मिळणारा प्लास्टिकचा पेला बाजूला ठेवून स्वयंपाकघरातील वजनकाटा घ्यावा, कारण दोन खाद्यांची ऊर्जा सारखी नसते. समजा, जुन्या खाद्यात १०० ग्रॅमला ३४० किलोकॅलरी आहेत आणि कुत्रा दिवसाला ३०० ग्रॅम खातो, म्हणजे त्याला १,०२० किलोकॅलरी मिळतात. नव्या खाद्यात १०० ग्रॅमला ४०० असतील, तर त्याला २५५ ग्रॅमच पुरतात. पेल्याने मोजत राहिल्यामुळे आमची लॅब्राडोर कुत्री एका हिवाळ्यात गोल झाली होती.

पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवे आणि पाऊण हिस्सा जुने द्यावे. हे सहसा निर्विघ्न पार पडते.

खरी परीक्षा अर्ध्या-अर्ध्या प्रमाणावर होते. पिशवीवरील तक्ता सांगतो की चौथ्या दिवशी अर्धे आणि सातव्या दिवशी पाऊण, आणि मी पहिल्या खेपेस तो तक्ता पंचांगासारखा पाळला. पाचव्या दिवशी कुत्रीची विष्ठा मऊ झाली, तेव्हा ‘होते असे’ म्हणून मी पुढे गेलो. सातव्या दिवशी पाऊण हिस्सा नवे दिले आणि त्या रात्री ती दोनदा दारापर्यंत पोहोचू शकली नाही. चूक खाद्याची नव्हती, माझ्या घाईची होती. आता मी तारीख न पाहता विष्ठा पाहतो. ती आकार धरून असली आणि उचलताना जमिनीवर डाग राहिला नाही, तर पुढे जायचे. आकार आहे पण खाली लगदा राहतो आहे, तर त्याच प्रमाणावर थांबायचे. आकारच नसेल, तर पाव हिस्स्यावर परत यायचे. एका कुत्र्याला या टप्प्यावर मला अकरा दिवस थांबावे लागले, त्याने काही बिघडले नाही. सोबत चमचाभर उकडलेला लाल भोपळा, मीठ-मसाल्याशिवाय, दिला तरी चालतो. दही, ताक आणि जुलाब थांबवणारी माणसांची गोळी मात्र मी या काळात घरात कुणालाही कुत्र्याला देऊ देत नाही. विष्ठेत रक्त दिसले, उलट्या होत राहिल्या किंवा कुत्रा मलूल झाला, तर थेट दवाखाना गाठावा. पिल्लाच्या बाबतीत एका दिवसाचीही वाट पाहू नये.

याच दिवसांत घरच्या माणसांवर पहारा ठेवावा लागतो. रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन आई ओट्यावर बसली की कुत्री तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकते, आणि आईचा हात आपोआप खाली जातो. पोह्यांतील कांदा कुत्र्यांच्या तांबड्या पेशींना घातक असतोच. शिवाय सोमवारी पोट बिघडले, तर दोष दाण्यांना द्यावा की पोह्यांना, हे कळायला मार्ग उरत नाही. दूध-पोळीलाही हाच नियम लागू आहे.

अर्धे पचले की पाऊण आणि मग पूर्ण, हा प्रवास सोपा असतो. दूध-पोळीवरून कोरड्या दाण्यांवर येणारा कुत्रा पाणी जास्त पितो, म्हणून भांडे मोठे ठेवावे. बदल खाजेसाठी केला असेल, तर किमान आठ आठवडे दुसरे काहीही तोंडात जाऊ न देता थांबावे, आणि जुने खाद्य थोडेसे तोवर डब्यात बंद ठेवावे. खाज थांबली, तर तेच जुने खाद्य पुन्हा देऊन ती परत येते का, हे डॉक्टरांना पाहायचे असते.