पऱ्हाटी निघाली की ग्लायडर काढा

दोन मीटर पंखविस्ताराचं, रिमोटवर उडणारं फोमचं इलेक्ट्रिक ग्लायडर सुटीच्या दिवशी नुसतं फिरवत असाल, तर यंदा त्याला स्पर्धेचा डाव खेळायला लावा. त्यासाठी नवं विमान लागत नाही. स्टॉपवॉच, १० मीटर दोरी आणि वेळ ओरडून सांगणारा एक सोबती पुरे.

एफ५जे या इलेक्ट्रिक ग्लायडर स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात डाव १० मिनिटांचा असतो. मोटर एकदाच चालते, तीही जास्तीत जास्त ३० सेकंद. हवेतल्या प्रत्येक सेकंदाला १ गुण. मात्र सुरुवातीला गाठलेल्या उंचीचा २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापतात, त्याच्या वर दर मीटरला ३. म्हणजे १५० ऐवजी १०० मीटरवरून सुरुवात केली तर २५ गुण वाचतात. सरावात मोटर आधी ३० सेकंद ठेवा, मग २०, मग १५.

आधी तोल तपासा. उंचावर नाक खाली करून सूर मारा आणि स्टिक सोडा. झटकन वर उसळलं तर नाक जड आहे. आणखी खाली घुसलं तर शेपूट जड. बॅटरी एका वेळी २-३ मिलिमीटरच सरकवा. मोटर बंद झाल्यावर प्रोपेलर फिरत राहिला तर ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ब्रेक चालू करा, नाहीतर उंची फुकट जाते.

आता हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी उपटून नांगरलेलं काळं वावर लवकर तापतं, शेजारी ओलिताचा हिरवा गहू किंवा संत्र्याची बाग थंड राहते. या दोन्हींमधला धुरा (बांध) आधी तपासा; विमानाला वर नेणारी गरम हवा अशा कडेवरून सुटते. पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली तर थेट तिच्याखाली जा. एक पंख आपोआप उचलला गेला की त्याच बाजूला वळा आणि २०-२५ मीटर व्यासाची घिरटी धरा. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे उलट बाजूला वळणं, कारण विमान स्वतःच तिकडे ढकललं जातं. दुसरी चूक, घिरट्या घेत वाऱ्याबरोबर फार लांब जाणं. फोमचं विमान वाऱ्याविरुद्ध परतताना उंची भराभर गमावतं. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात, तेव्हा उडवूच नका. त्या उन्हात बंद गाडीत फोम वाकतो, लिपो बॅटरी फुगते.

उतरण्यासाठी ढेकळं नसलेलं गवताळ ई-क्लास (सरकारी चराई जमीन) निवडा. दोरीला दर मीटरवर गाठ मारून चुन्याने वर्तुळं आखा: १ मीटरच्या आत ५० गुण, पुढे दर मीटरला ५ कमी. शेवटचं मिनिट उरलं की वर्तुळापासून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला या, तोंड वाऱ्याकडे करून उतरा. १० मिनिटं उलटल्यावर टेकलं तर हे गुण मिळत नाहीत, म्हणून सोबत्याने शेवटचे १० सेकंद मोजावेत.

उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघा. हिरव्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा १२० मीटरची आहे, म्हणून सरावात तिच्या खालीच राहा. पाचपैकी तीन डावांत सहा मिनिटं भरली आणि विमान वर्तुळात टेकलं, की स्पर्धेत नाव द्या.