कमोड बसवताना सील कोणतं निवडायचं आणि कसं लावायचं

कमोडच्या बुडाशी पाणी दिसू लागलं की बरेच जण कडेने सिमेंट किंवा सिलिकॉन लिंपून मोकळे होतात. त्याने गळती थांबत नाही, नुसती दिसेनाशी होते आणि पाणी फरशीखाली मुरत राहतं. पाणी आणि पाइपातला वास अडवायचं खरं काम आतलं सील करतं. कमोडचं आउटलेट आणि पाइपच्या तोंडाशी बसवलेली फ्लँज (कमोडचे बोल्ट जिच्यात बसतात ती चपटी कडी) यांच्यामधली फट तेच बुजवतं. (इथे जमिनीत आउटलेट असलेल्या कमोडबद्दल लिहितो आहे. मागे भिंतीत जाणाऱ्या आउटलेटला रबरी कनेक्टर लागतो.)

सील विकत घेण्याआधी फ्लँजची उंची मोजा, कारण सीलची जाडी त्यावरच ठरते. फ्लँज फरशीच्या साधारण ६ मिलिमीटर वर असेल तर साधी मेणाची रिंग पुरते. फरशीच्या बरोबरीने किंवा किंचित खाली असेल तर जाड रिंग घ्या. जुन्या फरशीवर नव्या टाइल्स बसवल्या की फ्लँज हमखास खाली जाते. ती फारच खोल गेली असेल, तर एकावर एक दोन रिंगा रचू नका, त्यांच्यामधला सांधा सरकू शकतो. फ्लँजवर बसणारी एक्स्टेंडर रिंग लावून तिची उंचीच वाढवून घ्या.

मेण की रबर? मेण स्वस्त असतं, खाचाखोचांत शिरतं आणि नीट बसलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण एकदा दाबलं गेलं की ते परत फुगत नाही. म्हणून कमोड थोडा जरी उचलला तरी रिंग नवीनच हवी. रबरी सील मात्र उचलून पुन्हा बसवता येतं. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने, किंवा ज्याला कमोड एकट्याने उचलायचा आहे त्याने, रबरीच घ्यावं असं माझं मत आहे. फरशी गरम ठेवायची सोय असेल तिथेही मेणापेक्षा तेच बरं. फक्त आपला पाइप ३ इंची आहे की ४ इंची ते पाहून त्याच मापाचं आणा.

आता बसवायला घ्या. पाण्याचा कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या, पाण्याची नळी आणि बुडाचे नट सोडवा आणि कमोड उचला. पाइपात लगेच चिंधीचा बोळा घाला, म्हणजे वास येणार नाही आणि नट-वॉशर आत पडणार नाहीत. जुनं मेण पत्र्याच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढा. फ्लँजला तडा गेला असेल किंवा ती हलत असेल तर आधी तिची दुरुस्ती करा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: सील न लावता कमोड एकदा जागेवर ठेवून पाहा. डुगडुगत असेल तर पाचरी कुठे लागतील ते आत्ताच ठरवा. डुगडुगणाऱ्या कमोडखाली चांगलं सीलही टिकत नाही.

मेण थंडीने कडक झालं असेल तर खोलीत ठेवून मऊ होऊ द्या. बोल्ट सरळ उभे करा, बोळा आठवणीने काढा आणि रिंग फ्लँजवर मधोमध ठेवा. दोघांनी मिळून कमोड बोल्टांच्या रेषेत धरा आणि सरळ खाली सोडा. टेकल्यावर त्यावर बसून अंगाचा भार द्या. कमोड फिरवू किंवा डोलवू नका. मेण दबताना कमोड हळूहळू खाली जातो आणि बूड फरशीला टेकतं. मग नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. कमोड हलायचा थांबला की पान्हा बाजूला ठेवा, कारण जास्त आवळलं तर चिनीमाती तडकते.

पाणी जोडून पाच-सहा वेळा फ्लश करा आणि बुडाभोवती कोरडा टिश्यू फिरवून पाहा. तो कोरडा राहिला तरच कडेने सिलिकॉन भरा. मागच्या बाजूला मात्र दोन-तीन इंच जागा मोकळी सोडा. पुढे कधी सील गळू लागलं तर पाणी तिथून बाहेर येईल आणि वेळीच लक्षात येईल.