पेठ रोडची पुस्तिका आणि जर्मनीतले सहा महिने

डिसेंबरात महिनाभर नाशिकला आले की आमच्या गंगापूर रोडच्या घरी संध्याकाळी कुणी ना कुणी येतंच. "ताई, फेब्रुवारीत म्युनिकला निघालोय." "वहिनी, भाच्याला स्टुटगार्टला नोकरी लागलीय, जरा सांगा त्याला." घर कसं शोधायचं, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथे, कुकर न्यायचा का, सगळं विचारून होतं. चहा संपतो, आणि उठता उठता कुणीतरी म्हणतं, "लायसन्सचं झालंय आमचं. पेठ रोडला आरटीओत जाऊन इंटरनॅशनल काढलं. वर्षभर चिंता नाही."

मग मी त्यांना परत खाली बसवते. दरवर्षी तेच सांगते, म्हणून या वेळी लिहून ठेवतेय.

इंटरनॅशनल परमिटच्या त्या पुस्तिकेवर एक वर्षाची मुदत छापलेली असते हे खरं आहे. पण ती मुदत पुस्तिकेची. जर्मनीत राहायला गेल्यावर आपल्या भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते फक्त ६ महिने. इंटरनॅशनल परमिट म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर, त्याने तुमचा हक्क एका दिवसानेही वाढत नाही. सातव्या महिन्यात स्टिअरिंगला हात लावलात की तो विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा. आपल्याकडे सिग्नलला पावती फाडतात तसलं हे प्रकरण नाही. कायद्यात त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे.

हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मार्चात मी स्टुटगार्टला गेले, आणि ऑक्टोबरात दिवाळीच्या आधीच्या शनिवारी पोहे, बेसन, भाजणीचं सामान आणायला म्हणून ओळखीच्या एका दादांची गाडी मागून घेतली. ते जोडपं नाशिक रोडचं. पहिल्या महिन्यात त्यांनीच मला आसरा दिला होता. येताना लाल सिग्नलला मी थांबले होते, आणि मागून एक व्हॅन येऊन हळूच टेकली. बंपरला वीतभर चीर गेली, एवढंच. चूक पूर्ण त्याची होती आणि त्याने ती कबूलही केली. पोलीस त्यानेच बोलावले, कारण तिथे पुष्कळ जण विम्यासाठी तसं करतात.

पोलिसाने माझं लायसन्स पाहिलं, पुस्तिका पाहिली, आणि शांतपणे विचारलं, "इथे कधीपासून राहता?" मी म्हटलं, मार्चपासून. त्याने पुस्तिका मिटली, दोन्ही हातांनी मला परत दिली आणि गाडीची किल्ली मागितली. दादा ट्रेनने आले आणि गाडी घेऊन गेले. पोह्यांच्या पिशव्या घेऊन मी ट्रामने घरी आले.

दीड महिन्याने पिवळं पाकीट आलं. जर्मनीत पिवळं पाकीट आलं, त्यावर पोस्टमनने हाताने तारीख घातलेली असली, तर ते त्याच दिवशी उघडा. आत कोर्टाचा दंडाचा हुकूम असतो, आणि हरकत घ्यायला त्या तारखेपासून फक्त दोन आठवडे मिळतात. माझा दंड होता ३० दिवसांचा. तिथे दंड दिवसांत मोजतात आणि एका दिवसाची रक्कम तुमच्या निव्वळ उत्पन्नावरून ठरवतात. म्हणजे माझा एक महिन्याचा पगार गेला.

पैशाचं एक वेळ सोडा. तसंच पाकीट दादांनाही आलं. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला आपली गाडी चालवायला देणं हाही तिथे गुन्हा आहे, आणि "मला माहीत नव्हतं" म्हणून तो पुसला जात नाही. त्यांचं प्रकरण काही रक्कम भरून मिटलं. ती मी भरली, ते नको म्हणत होते तरी भरली. ते दोघं मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण संक्रांतीला वहिनींनी हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा त्यांच्या दारात उभं राहताना मला काय वाटलं ते मलाच ठाऊक. ज्यांनी घर दिलं त्यांच्या नावावर मी पोलीस केस आणली होती. म्हणून सांगते: मागितलेली गाडी तर नाहीच, आणि मुदत संपलेल्या माणसाला तुमचीही गाडी देऊ नका, तो कितीही जवळचा असो.

त्या दिवशी चूक माझी असती तर आणखी वाईट झालं असतं. समोरच्याची भरपाई विमा कंपनी करते, पण परवाना नसलेल्या चालकाकडून ती ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकते.

६ महिने मोजायचे ते तिथे राहायला लागल्यापासून. व्यवहारात सगळे पत्ता नोंदवल्याची, म्हणजे अनमेल्डुंगची तारीख धरतात. मधे महिनाभर नाशिकला येऊन गेलात, पासपोर्टवर नवा शिक्का बसला, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. हा गैरसमज मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की आपल्या लोकांच्या सल्ल्यावरचा माझा विश्वासच उडालाय. मनाने सगळे चांगले, मदतीला रात्री दोनला धावून येतील. पण लायसन्सबद्दल जो तो ऐकीव सांगतो. "काही होत नाही, मी आठ महिने चालवली" म्हणणाऱ्याला कुणी थांबवलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता नाशिकमध्ये असतानाच करायच्या गोष्टी.

लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. आपल्याकडे एकात वडिलांचं किंवा नवऱ्याचं पूर्ण नाव, दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यात लग्नाआधीचं आडनाव, असं सर्रास असतं. तिथल्या खिडकीवरच्या माणसाच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. त्याचं वागणं अगदी सभ्य असतं, पण कागद जुळल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. दुरुस्ती पेठ रोडला होते, स्टुटगार्टला होत नाही. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणही आत्ताच करून घ्या. इंटरनॅशनल परमिट काढायचंच असेल तर काढा, फी १,००० रुपये आहे, सुरुवातीच्या महिन्यांत ते जवळ असलेलं बरं. फक्त त्यावरच्या तारखेकडे बघू नका.

ज्यांच्याकडे लायसन्सच नाही त्यांनी निघण्याआधी काढा आणि खरंच शिकून काढा. लर्निंग तिथे चालत नाही. आणि "आत्ता घाई आहे, पुढच्या सुट्टीत येऊन काढू" हा विचार मुळीच करू नका. एकदा तुमचं राहतं घर जर्मनीत झालं की त्यानंतर भारतात काढलेलं लायसन्स तिथे मानत नाहीत. मग नवशिक्यासारखा सगळा कोर्स करावा लागतो: दीड-दीड तासाचे थिअरीचे १४ वर्ग, हायवे, गावाबाहेरचा रस्ता आणि रात्रीचं ड्रायव्हिंग धरून सक्तीचे १२ विशेष तास, आणि खर्च अडीच-तीन हजार युरोच्या पुढे. भारतीय लायसन्स बदलून घेणाऱ्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. त्याला फक्त दोन परीक्षा द्याव्या लागतात, थिअरी आणि प्रॅक्टिकल. काही देशांच्या लायसन्सना परीक्षाही माफ आहे, पण त्या यादीत भारत नाही.

लायसन्स बदलून घेण्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा. पत्ता नोंदवला की लगेच मागे लागा, कारण अर्ज मंजूर व्हायलाच कित्येक आठवडे जातात आणि त्याशिवाय परीक्षेची तारीख मिळत नाही. लागतं काय तर पासपोर्ट, पत्त्याचा कागद, बायोमेट्रिक फोटो, चष्म्याच्या दुकानात होणारी नजरतपासणी (६ युरो ४३ सेंट, ठरलेली रक्कम), एका दिवसाचा प्रथमोपचाराचा कोर्स, मूळ लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर. भाषांतर अधिकृत अनुवादकाकडून किंवा एडीएसी या तिथल्या वाहनचालकांच्या क्लबकडून करून घ्यायचं. आणि ड्रायव्हिंग स्कूलचं नाव, कारण प्रॅक्टिकल त्यांच्याच गाडीतून द्यावी लागते, शेजारी त्यांचा शिक्षक बसतो.

स्कूल निवडताना पहिल्या भेटीतच "उमश्राइबुंग" हा शब्द उच्चारा. म्हणजे बदलून घेणं. तो ऐकल्यावरही समोरचा सक्तीच्या तासांचं पॅकेज दाखवत असेल तर उठून दुसरीकडे जा. मी पहिल्या ठिकाणी न कळून वीस तासांचे पैसे भरले होते. मात्र सक्ती नाही म्हणजे गरज नाही असंही समजू नका. दोन तास घेऊन परीक्षेला बसलेले आपले बहुतेक जण नापास झालेले मी पाहिलेत, आणि त्यांत मुंबई-पुणे रोज गाडी मारणारे होते. आठ-दहा तास धरून चला.

थिअरी सोपी आहे, पण अभ्यास लागतो. ३० प्रश्न, चुकीचे १० गुण चालतात, मात्र ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. जर्मनखेरीज १२ भाषांत देता येते. त्यांत इंग्रजी आहे, हिंदी नाही. पास झाल्यावर १२ महिन्यांच्या आत प्रॅक्टिकल व्हायला हवी. गिअरच्या गाडीवर परीक्षा द्यायची की ऑटोमॅटिकवर, हे स्कूलशी आधी बोलून घ्या. नुसत्या ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर ७८ हा आकडा येतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. मोटरसायकलची प्रॅक्टिकल वेगळी द्यावी लागते.

खरी अडचण प्रॅक्टिकलची. ती ५५ मिनिटांची असते, आणि परीक्षक मागच्या सीटवर बसून तुमची मान पाहत असतो. हो, मान. उजवीकडे वळण्याआधी आरसा पाहायचा आणि मग खांद्यावरून मागे वळून पाहायचं, कारण उजव्या बाजूने सायकलवाला सरळ जाणार असतो आणि रस्ता त्याचा असतो. मी पहिल्या वेळी विसाव्या मिनिटाला इथेच पडले. सिग्नल हिरवा होता, मी आरसा पाहिला, वळायला लागले, आणि पायाखालचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. शिक्षकाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला होता. उजवीकडच्या खिडकीपलीकडून लाल हेल्मेट घातलेला सात-आठ वर्षांचा मुलगा सायकलवरून निघून गेला. तो मला दिसलाच नव्हता. शिक्षकाने ब्रेक मारला की परीक्षा संपली. मला नापास झाल्याचं काही वाटलं नाही, तो मुलगा अजून डोळ्यांसमोर येतो. शेजारच्या सीटवर बसलेल्या असाल तरी प्रत्येक वळणाला मान वळवायची सवय लावून घ्या.

दुसरी गोष्ट, "रेष्ट्स फोर लिंक्स". ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येत असो. आपण कॉलेज रोडवरून जाताना बाजूच्या गल्लीतला थांबेल असं धरून चालतो. तिथे ताशी ३० किमी वेगमर्यादेच्या वस्तीत मोठा रस्ता, छोटा रस्ता असं काही नसतं. परीक्षकाला तुम्ही वेग कमी करून उजवीकडे पाहिलेलं दिसलं पाहिजे.

चौकातल्या सर्कलची दिशा उलटी. नाशिकचा द्वारका चौक किंवा मुंबई नाका मनातून पूर्ण पुसून टाका. आत शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना द्यायचा. आतल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. रिकाम्या रस्त्यावर वळल्यावर आपण नकळत डाव्या बाजूला जातो, सगळ्यांचं होतं, पहाटे जास्त होतं. माझ्या शिक्षकाने सांगितलेली खूण अजून उपयोगी पडते: चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे बसलेला असतो.

आणि डिपर. कसारा घाटात समोरच्याने डिपर मारला तर तो म्हणतोय, "मी येतोय, थांब." जर्मनीत गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरच्याने डिपर मारला तर बहुतेक वेळा तो म्हणतोय, "तुम्ही या." तरी खात्री करूनच पुढे व्हा. हॉर्नला हात लावू नका, तो धोक्यासाठी आहे. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. जागा नसेल तर तिच्या मागे मागे जायचं, मागचा कुणी ओरडत नाही. त्या लोकांची हीच गोष्ट मला मनापासून आवडते. प्रत्येकाला ठाऊक असतं पाळी कुणाची आहे, त्यामुळे समोरचा काय करेल याची धास्ती राहत नाही.

दोन वर्षांहून जुनं भारतीय लायसन्स असेल तर नवशिक्यांचा दोन वर्षांचा परिवीक्षा काळ तुम्हाला लागत नाही, भारतातली वर्षं त्यात धरली जातात. म्हणून लायसन्सवर पहिल्यांदा दिल्याची तारीख नीट दिसते का तेही इथेच पाहून घ्या.

पास झालात की जर्मन कार्ड मिळतं, १५ वर्षांच्या मुदतीचं. पण ते हातात देताना आपलं भारतीय लायसन्स काढून घेतात. त्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत आदल्या दिवशीच काढून ठेवा. मी काढली नव्हती. एकोणीस वर्षांची असताना पेठ रोडला आईबरोबर जाऊन काढलेलं, एमएच १५ चं माझं लायसन्स खिडकीपलीकडच्या ट्रेमध्ये गेलं, आणि नंतर त्यावरच्या नंबरची गरज पडली तेव्हा आईला कपाटातल्या जुन्या फायली उपसाव्या लागल्या.