भिरंडाचं वर्षभराचं गणित: सरबत, आगळ आणि सोलं करून गोव्यात विकायची पद्धत

भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, गोव्यात एप्रिलमध्ये पिकायला लागतं आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर संपतं. सरबताचा खप मात्र फेब्रुवारी ते मे. म्हणजे या मे महिन्यात भरलेली बाटली बहुतेक वेळा पुढच्या उन्हाळ्यात उघडली जाणार. तेवढे नऊ-दहा महिने रंग टिकायला हवा, बाटली फुगता कामा नये, आणि साखरेत, बाटल्यांत घातलेला पैसा तेवढा काळ अडकून राहणार. घरच्या कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) चार झाडं असोत किंवा सत्तरी, सांगे, काणकोणातून विकत घेतलेलं फळ असो, किती माल करायचा हे आधी या हिशेबाने ठरवा.

म्हणूनच सगळ्या फळाचं सरबत करू नये. आगळाला, म्हणजे सालींच्या खारवलेल्या रसाला, हॉटेलं आणि खानावळी वर्षभर गिऱ्हाईक असतात, पर्यटनाच्या हंगामात जास्तच. सोलं, म्हणजे वाळवलेल्या साली, पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) खरेदीत, मे महिन्यातच, हातोहात जातात आणि पैसे लगेच मोकळे होतात. पहिल्या वर्षी फळाचे तीन सारखे वाटे करून तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या करून पाहाव्यात. सोलांच्या विक्रीतून सरबताच्या बाटल्यांचा खर्च निघाला तर उधारीवर साखर आणायची वेळ येत नाही.

फळ घेताना

पूर्ण लाल-जांभळं, हाताला किंचित मऊ लागणारं फळ घ्या. हिरवट-पिवळी छटा असलेल्या फळाचं सरबत फिकं होतं, आणि तो फिकेपणा नंतर कशानेही भरून निघत नाही. झाडाखाली पडलेलं फळ त्याच दिवशी उचललेलं असेल तरच घ्यावं. एक रात्र ओल्या पाचोळ्यात राहिलेल्या फळावर यीस्ट बसलेलं असतं, आणि तेच पुढे बाटलीत आंबतं. साधारण 100 किलो फळांत 50 किलोच्या आसपास साल निघते, बाकी गर आणि बिया. भाव ठरवताना हे अर्धं वजन डोक्यात ठेवा, पण गर-बिया टाकाऊ समजू नका. त्यांचं पुढे येतंच.

फळ पिण्यायोग्य पाण्यात दोनदा धुवायचं. विहिरीचं पाणी वापरत असाल तर हंगामाआधी एकदा तपासून घ्या. धुतल्यावर सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडं करायचं, पंखा लावा, घाई करू नका. सरबत बिघडण्याच्या तक्रारी मागे मागे शोधत गेलं तर बहुतेक या ओल्या सालीपाशीच येऊन थांबतात. सालीबरोबर आलेलं पाणी पाक पातळ करतं आणि वरच्या थरात यीस्टला जागा मिळते.

सरबत

1 भाग साल, 2 भाग साखर, वजनाने. 10 किलो सालीला 20 किलो साखर. पाणी अजिबात नाही आणि आचही नाही. फळाचे दोन भाग करून गर-बिया काढा, वाट्या साखरेत एकाआड एक थर देऊन रचा, आणि सगळ्यात वर बोटभर साखरेचा थर ठेवा, म्हणजे एकही साल उघडी राहणार नाही. भांडं स्टीलचं, चिनीमातीची बरणी किंवा खाद्यपदार्थांसाठीचा प्लॅस्टिक पिंप. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड नको. भिरंडाचं आम्ल धातू खातं आणि रंगही काळवंडतो.

जुन्या पद्धतीत काचेच्या बरण्या उन्हात ठेवतात. ऊब हवी हे खरं, पण थेट ऊन नको. भिरंडाचा लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा, आणि प्रकाश व उष्णता दोन्ही त्याला मारतात. घरी महिनाभरात संपणाऱ्या सरबताला फरक पडत नाही. दहा महिने ठेवायच्या मालाला पडतो. झाकण असलेलं भांडं पत्र्याच्या छपराखाली सावलीत ठेवलं तर मे महिन्याची ऊब पुरेशी होते. रोज सकाळ-संध्याकाळ कोरड्या पळीने तळापासून हलवा. सात ते आठ दिवसांत साखर विरघळून साली आकसतात. मग गाळायचं. 10 किलो सालीतून साधारण 20 ते 23 किलो पाक मिळतो. उरलेल्या गोड साली वाळवून वेगळ्या विकता येतात. त्या टाकणं म्हणजे साखर टाकणं.

आता मोजमाप. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ज्याला सरबत म्हणायचं त्यात विद्राव्य घन पदार्थ किमान 65 टक्के आणि फळाचा रस किमान 25 टक्के हवा. हे पाहायला ब्रिक्स, म्हणजे साखरेसारख्या विरघळलेल्या पदार्थांची टक्केवारी, मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, 58 ते 90 पट्ट्याचा आणि तापमान आपोआप जुळवून घेणारा. शून्यापासून 32 पर्यंतचा स्वस्त मिळतो, तो इथे निरुपयोगी. रीडिंग मीठ घालण्याआधी घ्यायचं, कारण मीठही आकडा वाढवतं आणि पाक आहे त्यापेक्षा घट्ट असल्याचा भास होतो. 68 ते 70 आला की निश्चिंत. 65 च्या खाली असेल तर साखर वाढवून पुन्हा दोन दिवस ठेवा. उकळून आटवू नका, रंग तपकिरी होतो.

मीठ वजनाच्या 2 टक्के पुरे. जिरं भाजून, जाडसर कुटून, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून दोन दिवस पाकात सोडा. पूड थेट घातली तर ती बाटलीच्या तळाशी बसते आणि गिऱ्हाईक तिला कचरा समजतं.

70 ब्रिक्सच्या पाकाला परिरक्षक न घालताही चालतं, पण दुकानात ठेवायच्या मालाला सोडियम बेंझोएट घालतात. किलोला 0.6 ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर मोजून. अंदाजाने चिमूट टाकू नका. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथे वापरू नये. लिंबाच्या, आंब्याच्या स्क्वॅशला ते चालतं, पण त्यातला सल्फर डायऑक्साइड भिरंडाचा लाल रंगच पुसून टाकतो. बेंझोएट घातलं तर ते लेबलवर लिहायचं.

आगळ, सोलं आणि बिया

आगळाला 10 किलो सालींमागे दीड ते दोन किलो मीठ. साली चिरून मिठात घाला, रोज हलवा, आठवड्याने पिळून कापडातून गाळा. एवढ्या मिठात आणखी काही घालायची गरज नसते. आगरवाड्यासारख्या मिठागरांतलं मीठ वापरणार असाल तर आधी पाहून घ्या. त्यात चिखलाचा अंश असतो आणि तो आगळात कचकचतो. आगळ एक दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेवढं काढलं की प्रश्न सुटतो. साठवण प्लॅस्टिकच्या पिंपातच करा. मीठ आणि आम्ल एकत्र आलं की साध्या स्टीलवरही बारीक खड्डे पडतात.

सोलांसाठी गर-बिया मिठात घालून सुटणारा रस लागतो, गराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं मीठ. साली दिवसा उन्हात, रात्री या रसात. असं चार-पाच वेळा. शेवटची पुटं घाईत उरकली की सोलं वरून काळी दिसतात पण आत ओल राहते, आणि जुलैत पिशवी उघडली की पांढरी बुरशी. सोल दुमडून पाहा: चिवट वाकायला हवं, दाबल्यावर बोटाला ओल लागता कामा नये. ढग आले की सोलं करणं थांबवून उरलेल्या साली आगळाकडे वळवा. आगळाला ऊन लागत नाही.

रस निथळलेल्या बिया धुऊन वाळवा. त्या फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर भिरंडेल, म्हणजे बियांचं थिजणारं तेल, येतं. ते 40 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे मे महिन्यातही गोळा सहसा घट्टच राहतो. भेगांवरचं औषध म्हणून लेबल लावलंत तर सौंदर्यप्रसाधन किंवा औषधाचा परवाना मागितला जाईल. पहिल्या वर्षी वाळलेल्या बियाच विकणं सोपं.

भरणं आणि लेबल

70 ब्रिक्सचा पाक पाण्यापेक्षा बराच जड असतो. 750 मिलीच्या बाटलीत तो सुमारे 1 किलो 10 ग्रॅम बसतो, 500 मिलीत 675 ग्रॅम. म्हणून बाटली डोळ्याने न भरता काट्यावर भरा. रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायला विसरू नका. काट्यावर वजन-मापे खात्याचा दर वर्षीचा शिक्का हवा. झाकणाखाली फॉइलचं इंडक्शन सील लावा. हा खर्च जिव्हारी लागतो, पण पाक झिरपलेल्या एका बाटलीमुळे पूर्ण खोक्याला मुंग्या लागतात आणि दुकानदार खोकंच परत देतो.

अन्नसुरक्षा नोंदणी फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर करायची. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं मुख्य कार्यालय बांबोळीला आहे. छोट्या उत्पादकाला नोंदणी, मोठ्याला परवाना. मर्यादा अर्ज करताना पोर्टलवरच पाहा. लेबलवर 14 अंकी क्रमांक, हिरव्या ठिपक्याचं शाकाहारी चिन्ह, घटक उतरत्या वजनाने (म्हणजे साखर पहिली, ती लपवता येत नाही), पोषणमूल्यं, बॅच, तारखा, निव्वळ मिली, पत्ता, तक्रारीसाठी फोन. कमाल किरकोळ किमतीशेजारी एककाची किंमतही लागते: 750 मिली 200 रुपयांना असेल तर मिलीला 0.27 रुपये. बंद वेष्टनात माल भरणाऱ्याने भरायला लागल्यापासून 90 दिवसांत वजन-मापे खात्याकडे वेगळी नोंदणी करायची असते, ती बरेच जण विसरतात.

"पित्तावर रामबाण", "वजन घटवतं" असं काहीही छापू नका. आणखी एक: "सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम" या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गोव्यात पिकलेल्या भिरंडावर ते नाव घालता येत नाही. "गोव्याचं भिरंड" असं सरळ लिहा. इथल्या गिऱ्हाइकाला तेच जवळचं आहे.

भाव

भाव शेवटून मागे काढतात. समजा बाटलीवर 200 रुपये छापले. दुकानदाराला छापील किमतीवर 20 टक्के, म्हणजे 40 रुपये, उरले 160. मध्ये वितरक असेल तर त्याचे 10 टक्के, 16 रुपये. हातात 144. शंभरातल्या तीन बाटल्या परत येतील असं धरलं की बाटलीमागे 140 च्या थोडं खाली. फळ, साखर, बाटली, सील, लेबल, मजुरी, वाहतूक आणि दहा महिन्यांचं व्याज एवढ्यात बसायला हवं. दुकानदार "वीस टक्के" म्हणतो तेव्हा छापील किमतीवर की खरेदीवर, हे त्याच क्षणी विचारा. 160 च्या खरेदीवर 40 म्हणजे 25 टक्के होतात, आणि या गोंधळात नवा माणूस बाटलीमागे सात-आठ रुपये घालवतो.

गोव्यातल्या गोव्यात वस्तू विकताना वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र बांदा-सावंतवाडीच्या दुकानाला एक खोकं दिलं तरी ती राज्याबाहेरची विक्री, आणि करपात्र मालाला तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी बंधनकारक.

दुकानापर्यंत

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगावची पुरुमेंताची फेस्त इथे रोखीने विकलं जातं: सोलं, आगळाच्या मोठ्या बाटल्या. या दोन ठिकाणी चव द्या, लेबल वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो. हॉटेलांना सोलकढीसाठी 5 लिटरच्या कॅनमध्ये आगळ लागतं. स्वयंपाक्याला एकदा प्रमाण लिहून द्या, कारण आगळातलं मीठ न धरता तो वरून मीठ घालतो आणि दोष तुमच्या मालाला देतो. हॉटेलांची बिलं उशिरा मिळतात. पहिलं बिल चुकतं होईपर्यंत दुसरा कॅन देऊ नये.

किराणा दुकानं आणि बागायतदार संस्थेच्या बाजारांसारख्या ठिकाणी नमुना, नोंदणीची प्रत आणि दरपत्रक घेऊन खरेदी पाहणाऱ्याला भेटायचं. सुरुवातीला प्रत्येक दुकानात सहाच बाटल्या, चलनावर बॅच लिहून. दर पंधरा दिवसांनी त्याच वारी फेरी. एक दिवस म्हापसा-पणजी, एक दिवस फोंडा-मडगाव, असा रस्ता ठरवला की पेट्रोल आटोक्यात राहतं. उन्हात येणाऱ्या कपाटातली बाटली हलवायला सांगा, नाहीतर दोन महिन्यांत ती चहाच्या रंगाची होते आणि शेजारच्या चांगल्या बाटल्याही कुणी उचलत नाही.

प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या घरी अंधारात ठेवा. दुकानातून फुगलेली बाटली आली की आधी घरची त्याच बॅचची उघडा. ती ठीक असेल तर दोष सीलचा किंवा दुकानातल्या जागेचा. तीही फुगली असेल तर पाक पातळ राहिला होता. मग त्या बॅचचा उरलेला सगळा माल त्याच दिवशी दुकानांतून उचला, आणि जानेवारीत पुन्हा ब्रिक्स मोजल्याशिवाय उन्हाळ्याचा माल बाहेर काढू नका.