माठ, वाळू आणि वारा: मुंबईच्या घरात विजेशिवाय गारवा कसा मिळवायचा

मे महिन्यात पाणी गार होत नाही म्हणून माठाला नावं ठेवणारे मुंबईत बरेच भेटतात. बिचाऱ्या माठाचा त्यात दोष नसतो. मातीच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगावर वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी वाळायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. पण हवाच ओलीचिंब असली तर पाणी वाळणार कसं? ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर पाणी फार तर २८ अंशांपर्यंत उतरेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र पूर्वेचे कोरडे वारे सुटतात आणि खारा वारा उशिरा येतो. ३६ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेच्या दुपारी हीच मर्यादा २३ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे आपल्याकडे माठाचा खरा हंगाम होळीच्या आगेमागे. उदकुंभाचं दान अक्षय्य तृतीयेला करा, पण घरचा माठ त्याआधीच आणा.

पाण्याला एक माठ पुरतो. भाजी ठेवायची तर दोन मडकी लागतात, एकात एक. उत्तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी ही जुनी युक्ती १९९०च्या दशकात गावोगाव पोचवली आणि २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. तिथे वांगी २७ दिवस टिकल्याचं सांगितलं जातं. तिथली हवा कोरडी आहे. मुंबईत तेवढी आशा धरू नका.

पहिलं काम खरेदीचं. धारावीच्या कुंभारवाड्यात, नव्वद फुटी रस्त्याच्या बाजूला, हव्या त्या मापाची मडकी मिळतात. चकाकी किंवा रंग दिलेलं मडकं घेऊ नका, छिद्रं बुजलेली असतात. बोटानं टिचकी मारा: खणखणीत आवाज आला तर पक्कं, बद्द आला तर तडा आहे. आतलं मडकं बाहेरच्यात ठेवल्यावर चहूबाजूंनी दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. दोन्ही मडकी घरी आणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा.

वाळू बांधकामाची, चाळून आणि दोन-तीनदा धुऊन घेतलेली. चौपाटीची आणायचा मोह होतो, पण त्यातलं मीठ छिद्रांत बसतं आणि मडक्यावर पांढरे चट्टे उठतात. बाहेरच्या मडक्याच्या तळाशी दोन इंच वाळू टाका, तीवर आतलं मडकं काठाला काठ येईल असं बसवा आणि मधली फट वाळूनं भरा. वर दोन बोटं मोकळी सोडा. आता तांब्यानं सावकाश पाणी ओता, वाळू पूर्ण भिजेपर्यंत. तोंडावर ओलं गोणपाट किंवा जाड सुती फडकं टाका. सकाळ-संध्याकाळ वाळूला पाणी, फडक्यालाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या जागा निवडताना. मी पहिल्यांदा मडकं ओट्याखालच्या कोपऱ्यात ठेवलं होतं, कारण तिथे ऊन नव्हतं. तिथे वाराही नव्हता. दोन दिवसांत कोथिंबीर काळी पडली. मग तेच मडकं लोखंडी तिवईवर, दाराच्या आणि खिडकीच्या मधल्या वाऱ्यात आणलं; मार्चमध्ये मेथीची जुडी तिसऱ्या दिवशीही भाजीला चालली. सावली हवीच, पण वाऱ्यावाचून सावलीचा उपयोग नाही. खिडकीच्या ग्रिलवर मात्र ठेवू नका. दहा लिटर ओली वाळू वीस किलोच्या घरात जाते आणि खाली लोक चालत असतात.

आत काय ठेवायचं? टोमॅटो, वांगी, मिरच्या, लिंबं, पालेभाज्या. पाझरलेलं पाणी तळाशी साचतं म्हणून एक बशी पालथी घालून तिच्यावर भाजी रचा. ताकाचा झाकणबंद डबा दुपारपुरता चालतो. कांदे-बटाटे नकोत, त्यांना ओल लागली की कोंब फुटतात. दूध, मासे, मटण, उरलेला भात हे अजिबात नाही: अन्न नासवणारे जंतू रोखायला ५ अंशांच्या खालची थंडी लागते आणि मडकं तिच्या जवळपासही जात नाही.

तिवईखाली परळ ठेवली असेल तर तिच्यातलं पाणी रोज ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. पंधरवड्यातून एकदा मडकी रिकामी करून काथ्यानं घासा. साबण लावू नका, तो छिद्रांत मुरतो आणि पुढचे चार दिवस भाजीला वास येतो. एक दिवस कडक उन्हात वाळवा. पिण्याचा माठही असाच धुवायचा. त्यात वाळ्याची जुडी टाकत असाल तर तीही उन्हात टाका.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वाळू काढून पसरून वाळवा आणि मडकी पालथी घालून माळ्यावर चढवा. पावसाळ्यात त्यांच्याकडून गारवा नाही, बुरशी तेवढी मिळेल.